पैसे कट झाले, हातात काही आलं नाही

*वाचकाचं पत्र*

सप्रेम नमस्कार. मी ६१ वर्षांची, बार्शीला एकटीच असते. यजमान जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या पेन्शनवर घर चालतं. गेल्या ७ तारखेला, शनिवारी संध्याकाळी, स्टँडजवळच्या एटीएममधून १०,००० रुपये काढायला गेले. माझं खातं ज्या बँकेत आहे तिचं ते मशीन नव्हतं. कार्ड घातलं, पिन दाबला, आत नोटा मोजल्याचा आवाज आला आणि तेवढ्यात लाईट गेली. स्क्रीन काळी झाली. थोड्या वेळानं पुन्हा लागली, कार्ड बाहेर आलं, पण नोटा नाहीत आणि पावतीही नाही. मोबाईलवर मेसेज मात्र आला, १०,००० कट.

सोमवारी माझ्या बँकेत गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ज्यांचं मशीन त्यांच्याकडे जा. तिकडे गेले तर ते म्हणाले, तुमचं खातं आमच्याकडे नाही, तुमच्या बँकेत विचारा. परत माझ्या बँकेत आले तेव्हा सांगितलं, सात वर्किंग डेज थांबा, आपोआप येतील. थांबले. २० तारखेला गेले तर म्हणाले, आमच्या सिस्टीमला ट्रान्झॅक्शन सक्सेसफुल दिसतंय, पैसे तुम्हाला मिळालेत. पासबुक भरून घेतलं तर वर २७ रुपये १४ पैसे चार्जही लागलेला.

भाच्यानं इंटरनेटवरून बँकेचा नंबर शोधून दिला. पलीकडच्या माणसानं मोबाईलमध्ये एक ॲप घ्यायला सांगितलं. मला भीती वाटली, मी फोन ठेवून दिला. पुण्याचा मुलगा म्हणतो, आई, तू पैसे घेतले असशील आणि कुठेतरी ठेवून विसरली असशील, सोडून दे आता. आता मलाच शंका येते. खरंच माझं काही चुकलं असेल का?

एक वाचक, बार्शी. (२९ तारीख)

*उत्तर*

ताई, नमस्कार.

तुमचा मुलगा चुकतोय. प्रेमानं बोलत असेल, आईला हेलपाटे नकोत म्हणून बोलत असेल, पण चुकतोय. नोटा मोजल्याचा आवाज, त्याच क्षणी गेलेली लाईट, काळी स्क्रीन, नंतर बाहेर आलेलं कार्ड हे सगळं तुम्ही ज्या क्रमानं लिहिलंय, त्या क्रमानं हा बिघाड होतो. विसरलेल्या माणसाला असा क्रम सुचत नाही. मी बँकेत नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं कॅशमध्ये, आणि शाखेच्या एटीएमच्या दोन किल्ल्यांपैकी एक माझ्याकडे असायची. तुमचं पत्र वाचताना त्या मशीनचं पोट डोळ्यांसमोर उभं राहिलं.

हे उत्तर सदरात येण्याआधी तुम्हाला पोस्टानं पाठवलं आहे, कारण या कामात तारखा महत्त्वाच्या असतात.

आधी आत काय घडलं ते सांगते, म्हणजे बँकेत बोलताना तुमचा आवाज कापणार नाही. तुम्ही पिन दाबलात तेव्हा त्या मशीननं तुमच्या बँकेला विचारलं, की या बाईंना १०,००० देऊ का? मशीन एका बँकेचं आणि खातं दुसऱ्या बँकेत असलं की हा निरोप मधल्या एका जाळ्यातून जातो. त्याचं नाव नॅशनल फायनान्शियल स्विच, आणि ते नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया चालवतं. तुमच्या बँकेनं खात्यात शिल्लक पाहिली, १०,००० वजा केले आणि 'द्या' म्हणून कळवलं. म्हणजे वजावट आधी झाली. नोटा मोजणं त्याच्यानंतर सुरू झालं. मोजता मोजता लाईट गेली, लाइन तुटली किंवा नोट अडकली, तर नोटा बाहेर येत नाहीत. मशीननं अशा वेळी 'दिले नाहीत, वजावट उलटवा' असा दुसरा निरोप पाठवायचा असतो. लाईटच गेली तर तो निरोप निघत नाही किंवा वाटेत हरवतो. तुमच्या बँकेकडे पहिला निरोप आहे, दुसरा नाही. म्हणून त्यांच्या स्क्रीनवर 'सक्सेसफुल' दिसतं.

तुमच्या-माझ्या वयाच्या माणसांना आठवेल, पूर्वी बँकेत चेक दिला की पितळेचं टोकन मिळायचं. लेजरवरचा कारकून खात्यात नोंद करायचा, चेक आत जायचा आणि आपण टोकन मुठीत धरून बाकावर बसायचो. कॅशियरनं नंबर पुकारला की टोकन देऊन पैसे घ्यायचे. आता समजा लेजरला नोंद झाली आणि कॅशियरनं पैसे दिलेच नाहीत, तर लेजरवाला 'माझ्याकडे नोंद आहे, म्हणजे तुम्हाला मिळाले' असं म्हणू शकला असता का? टोकन तुमच्या मुठीत असताना? तुमच्या बँकेनं २० तारखेला तुम्हाला नेमकं हेच सांगितलं. त्यांनी लेजर बघितलं. कॅशियरची पेटी बघितलीच नाही.

आणि कॅशियरची पेटी खोटं बोलत नाही. एटीएममध्ये नोटांच्या कॅसेट असतात आणि एक वेगळा डबा असतो. दुमडलेल्या, चिकटलेल्या, मोजताना अडलेल्या नोटा त्या डब्यात पडतात. आम्ही त्याला रिजेक्ट बिन म्हणायचो. मशीन उघडताना दोघं लागायचे, एकट्याला हात लावायची परवानगी नव्हती. किती भरले, मशीननं किती दिल्याचं सांगितलं, कॅसेटमध्ये किती उरले आणि डब्यात किती पडले, हे सगळं जुळवायचं. एखाद्या दिवशी रोकड हिशोबापेक्षा जास्त निघाली की आम्हाला कळायचं, काल कुणाचे तरी पैसे अडकले. तेव्हा मशीनच्या आत कागदाची गुंडाळी असायची, जेपी रोल. त्यावर कार्डाचा नंबर, वेळ, रक्कम आणि पुढे काय बिघडलं ते छापलेलं असायचं. आता हाच लॉग संगणकात राहतो आणि त्याला ईजे म्हणतात, म्हणजे इलेक्ट्रॉनिक जर्नल. तुमच्या ७ तारखेच्या संध्याकाळची ओळ त्या मशीनच्या ईजेमध्ये आहे.

एक गोष्ट सांगते, कारण ती मला अजून टोचते. एकदा आमच्या मशीनमध्ये १,५०० रुपये जास्त निघाले. जेपी रोलवर व्यवहार दिसत होता, कार्ड दुसऱ्या बँकेचं होतं. जादा रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली आणि कुणी विचारायला येतं का याची वाट बघितली. आठवडा गेला, महिना गेला. मग मी त्या बँकेला पत्र पाठवून खातेदाराला कळवायला लावलं. तो बाजारात भाजी विकणारा माणूस निघाला. त्यानं कुठेच तक्रार केली नव्हती. का केली नाही विचारलं तर म्हणाला, मशीनला खोटं कोण म्हणणार, लोक मलाच खोटं म्हणाले असते. ताई, तुमच्या पत्राच्या शेवटी तीच भीती आहे. १,५०० रुपये आमच्या पुस्तकात पडून होते आणि तो माणूस स्वतःला दोष देत होता.

आता पुढची पायरी. दार एकच ठोठवायचं, तुमच्या स्वतःच्या बँकेचं, जिनं कार्ड दिलं तिचं. मशीन कुणाचंही असो, बँकेचं असो की बिगर-बँक कंपनीनं लावलेलं असो, तक्रार कार्ड देणाऱ्या बँकेकडेच करायची, हे रिझर्व्ह बँकेनं स्पष्ट केलेलं आहे. 'ज्यांचं मशीन त्यांच्याकडे जा' हे उत्तर चूक होतं. मशीनवाल्या बँकेशी बोलायचं काम तुमच्या बँकेचं आहे. त्यासाठी दोघांमध्ये वादाचा दावा लावायची ठरलेली पद्धत आहे, त्याला चार्जबॅक म्हणतात. तुमच्या बँकेनं दावा लावला की मशीनवाल्या बँकेला एक तर पैसे परत करावे लागतात, नाहीतर दिल्याचा पुरावा द्यावा लागतो. पण तुमच्या तोंडी बोलण्यावर कुणी दावा लावलाच नसेल, तर समोरून उत्तर कसं येणार? मला दाट शंका आहे की इथेच पाणी मुरलंय.

आता तो सात दिवसांचा हिशोब. काउंटरवरच्या मुलानं मनानं सांगितलं नाही, त्यानं जुना नियम सांगितला. २०११ पासून असा नियम होता, की तक्रार आल्यापासून कामाच्या सात दिवसांत पैसे परत द्यायचे, नाहीतर रोज १०० रुपये भरपाई. त्यात ग्राहकानं व्यवहारापासून ३० दिवसांच्या आत तक्रार केलेली असावी लागे. पुढे रिझर्व्ह बँकेनं २० सप्टेंबर २०१९ ला नवं परिपत्रक काढलं आणि १५ ऑक्टोबर २०१९ पासून ते लागू झालं. त्यानुसार एटीएममधून पैसे कट झाले आणि रोकड आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेनं स्वतःहून रक्कम परत जमा करायची. हे दिवस कॅलेंडरचे आहेत. रविवार, सुट्टी, दुसरा-चौथा शनिवार वजा करायचे नाहीत. पाच दिवस उलटले की उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये खातेदाराला द्यायचे, आणि तेही त्यानं मागण्याची वाट न बघता.

तुमच्या बाबतीत बोटं मोजून बघू. व्यवहार ७ तारखेचा. पाच दिवस म्हणजे १२ तारीख. १३ पासून उशीर सुरू झाला. तुम्ही पत्र लिहिलंत त्या २९ तारखेपर्यंत १७ दिवस झाले, म्हणजे १,७०० रुपये. १०,००० वेगळे. आणि रक्कम जमा होईपर्यंत हा आकडा रोज १०० रुपयांनी वाढतो. हे पैसे मागताना लाजू नका. मेहेरबानी म्हणून कुणी देत नाही, ते तुमचे आहेत.

२७ रुपये १४ पैसेही तुमचेच. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला ठरावीक व्यवहार फुकट असतात. मुंबई, नवी दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू आणि हैदराबाद या सहा महानगरांत तीन, बाकी सगळीकडे पाच. त्यापुढच्या व्यवहाराला १ मे २०२५ पासून जास्तीत जास्त २३ रुपये आणि कर लावता येतो. २३ वर १८ टक्के धरले की बरोबर २७ रुपये १४ पैसे होतात. तुमचे पाच त्या महिन्यात आधीच झाले असतील. (नुसता बॅलन्स बघितला तरी तो व्यवहार धरतात, हे पुष्कळांना माहीत नसतं.) पण तांत्रिक कारणानं फसलेला व्यवहार मोजायचाच नाही आणि त्यावर चार्ज लावायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०१९ मध्ये बँकांना बजावलं आहे. रक्कम लहान आहे, तरी अर्जात लिहा. ज्या व्यवहारात हातात काहीच आलं नाही, त्याची फी भरायची कशाला?

आता अर्ज. ताई, आतापर्यंत तुम्ही तीन वेळा बँकेत गेलात आणि बँकेच्या कागदावर एकदाही गेला नाहीत. तोंडी सांगितलेलं काउंटरच्या त्या बाजूला पोहोचतं आणि तिथेच विरतं. उद्या काउंटरवरचा तो मुलगा बदलून गेला की तुमची तक्रार त्याच्यासोबत गेली. म्हणून साध्या कोऱ्या कागदावर, मराठीत, दोन प्रती करा. मजकूर असा ठेवा:

"प्रति, शाखाधिकारी. विषय: एटीएममधून रक्कम न मिळता खात्यातून वजा झाल्याबाबत. माझ्या बचत खात्यातून (खाते क्रमांक …, कार्डाचे शेवटचे चार आकडे …) दि. ७ रोजी संध्याकाळी … वाजता … बँकेच्या बार्शी स्टँडजवळील एटीएमवर १०,००० रुपये वजा झाले. मशीन चालू असताना वीज गेली, रोकड मिळाली नाही, पावतीही मिळाली नाही. मेसेजमधील संदर्भ क्रमांक … आहे. दि. ९ आणि दि. २० रोजी मी शाखेत येऊन हे तोंडी सांगितले आहे. कृपया मशीनच्या बँकेकडे दावा दाखल करून त्याचा क्रमांक मला लेखी कळवावा. व्यवहार यशस्वी असल्याचे आपले म्हणणे असल्यास त्या व्यवहाराची ईजे लॉगची नोंद, त्या दिवसाच्या रोकड ताळमेळाचा दाखला आणि सीसीटीव्ही चित्रण तपासून लेखी उत्तर द्यावे व तोपर्यंत चित्रण जतन करण्यास मशीनच्या बँकेला कळवावे. मूळ रक्कम १०,००० रुपये, रिझर्व्ह बँकेच्या दि. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार दि. १३ पासून रक्कम जमा होईपर्यंत रोज १०० रुपये भरपाई, आणि लावलेला २७ रुपये १४ पैसे चार्ज माझ्या खात्यात जमा करावा."

खाली सही, पत्ता, मोबाईल नंबर. सोबत पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स. पिन कुठेही लिहू नका, कार्डाचा पूर्ण नंबरही नको. मेसेजमध्ये किंवा पासबुकातल्या नोंदीत बहुतेक वेळा १२ आकडी संदर्भ क्रमांक असतो, तो शोधा. आता तो मेसेज पुसला गेला असेल तर बँकेकडून त्या दिवसाचं स्टेटमेंट घ्या. एक प्रत त्यांना द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊनच बाहेर पडा. ती पोच हे आता तुमचं टोकन आहे. 'ठेवून जा, नंतर बघतो' म्हणाले तर शांतपणे तिथल्याच खुर्चीवर बसा. सही नाहीच दिली तर स्पीड पोस्टानं पाठवा, ती पावतीही चालते. कस्टमर केअरला फोन केलात तर तक्रार क्रमांक लिहून घ्या, पण अर्जाच्या ऐवजी फोन नको. त्याच्या जोडीला असू दे.

अर्ज व्यवहारापासून ३० दिवसांच्या आत जाऊ दे. २०१९ च्या नियमात भरपाई मागण्याशिवायच द्यायची असली, तरी जुन्या ३० दिवसांचं निमित्त कुणाला पुढे करता येऊ नये. म्हणजे पुढच्या महिन्याच्या ५ तारखेच्या आधी द्या. खरं तर हे पत्र हातात पडेल त्याच्या दुसऱ्या दिवशीच द्या. ३० दिवस उलटून गेले म्हणून तक्रार सोडून मात्र द्यायची नाही, मूळ रक्कम तुमची आहे ती आहेच.

सीसीटीव्हीबद्दल जास्त लिहिते, कारण एक वेगळी शक्यताही आहे. काही ठिकाणी चोर नोटा बाहेर येण्याच्या फटीत पट्टी चिकटवून ठेवतात. मशीनच्या मते नोटा दिल्या गेल्या, पण त्या पट्टीमागे अडकतात. माणूस कंटाळून निघून गेला की चोर येऊन काढून नेतो. अशा वेळी ईजेमध्ये व्यवहार पूर्ण दिसतो आणि रोकडही जुळते. तेव्हा तुमच्या बाजूनं बोलणारी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे कॅमेरा. तुमची लाईट गेली होती, त्यामुळे मला हा प्रकार वाटत नाही. तरीही चित्रण बघितलंच पाहिजे. ते कायम साठवून ठेवत नाहीत, जुन्यावर नवं चढतं. म्हणून जतन करण्याची मागणी पहिल्याच अर्जात हवी. चित्रण तुमच्या हातात देतीलच असं नाही, पण तुम्ही लेखी मागितलंत आणि त्यांनी जाऊ दिलं, तर पुढे त्याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल.

अर्ज दिल्यावर ३० दिवस थांबा. त्यात उत्तर आलं नाही, किंवा पुन्हा 'सक्सेसफुल' एवढंच आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जायचं. २०२१ पासून सगळ्या तक्रारी एकाच ठिकाणी घेतात. मुलाला सांगा, सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या साईटवर तुमचा अर्ज, पोच आणि पासबुकाचं पान जोडून तक्रार भरायची. साईट जमत नसेल तर पोस्टानंही चालते, पत्ता असा: केंद्रीकृत पावती व प्रक्रिया केंद्र, भारतीय रिझर्व्ह बँक, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड १६००१७. काही विचारायचं असेल तर १४४४८ वर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं. फी नाही, वकील लागत नाही. मात्र एक अट लक्षात ठेवा. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली नसेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत. तीन हेलपाटे तिथे मोजले जात नाहीत, पोच मोजली जाते. ३० दिवस झाल्यावर उगाच लांबवूही नका, कारण लोकपालांकडे जायलाही मुदत असते.

याच्या पलीकडे सोलापूरला जिल्हा ग्राहक आयोग आहे, पण १०,००० च्या स्पष्ट प्रकरणात तिथवर जावं लागेल असं मला वाटत नाही. गेलातच तर एका वेळी एकच दार धरा, लोकपाल आणि आयोग एकदम नको.

भाच्यानं काढलेला नंबर. ताई, फोन ठेवलात हे फार फार बरं केलंत. इंटरनेटवर बँकांच्या नावानं खोटे कस्टमर केअर नंबर पेरून ठेवलेले असतात. तक्रार करणारा माणूस आधीच हवालदिल असतो, कुणीतरी ऐकून घेतंय एवढ्यावर तो विश्वास टाकतो, आणि हे लोक नेमके त्याचीच वाट बघत बसलेले असतात. ते जे ॲप घ्यायला लावतात त्यानं तुमच्या मोबाईलची स्क्रीन त्यांना दिसू लागते, मग ओटीपी त्यांच्या डोळ्यांसमोर येतो. १०,००० अडकले होते, त्याऐवजी सगळं खातं गेलं असतं. एटीएमच्या खोलीत भिंतीवर चिकटवलेल्या स्टिकरवरच्या नंबरवरही विसंबू नका. तुमच्या कार्डाच्या मागे आणि पासबुकावर छापलेला नंबर तेवढा खरा. त्या फोनवर तुम्ही काही सांगितलं असेल, कार्डाचा नंबर, पिन, ओटीपी, काहीही, तर आजच कार्ड बंद करून नवं मागवा. आणि खात्यातून आणखी काही गेलेलं दिसलं तर लगेच १९३० वर फोन करा. तो सायबर फसवणुकीचा सरकारी क्रमांक आहे, तिथे जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम मध्येच अडवता येण्याची शक्यता जास्त. हा वेगळा मामला आहे, त्याचे नियमही वेगळे आहेत. अशा अनधिकृत व्यवहारात चूक ग्राहकाची नसेल आणि त्यानं कामाच्या तीन दिवसांत बँकेला कळवलं, तर २०१७ च्या नियमानुसार त्याच्यावर काहीच भार येत नाही. म्हणून रोजचे मेसेज वाचत जा. ओटीपी मात्र आपल्याच हातानं दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्याच गळ्यात येतं.

पुन्हा असं झालं तर काय करायचं, तेही सांगून ठेवते. लाईट गेली, स्क्रीन अडकली, तरी लगेच निघायचं नाही. मशीन पुन्हा सुरू होऊन पहिला पडदा येईपर्यंत तिथेच उभं राहायचं, कारण कधी कधी नोटा उशिरा बाहेर येतात आणि मागचा माणूस घेऊन जातो. मोबाईलमध्ये स्क्रीनचा आणि मशीनवर लिहिलेल्या एटीएम क्रमांकाचा फोटो काढायचा. त्याच मशीनवर लगोलग दुसऱ्यांदा प्रयत्न नको, म्हणजे दोन वजावटी होऊन गोंधळ वाढणार नाही. मदतीला आलेल्या अनोळखी माणसाच्या हातात कार्ड द्यायचं नाही, अदलाबदल क्षणात होते. नोटा आल्या तर तिथेच, कॅमेऱ्यासमोर मोजायच्या. कमी भरल्या तरी तक्रारीचा रस्ता हाच. जमेल तेव्हा बँक उघडी असताना आणि आपल्याच बँकेच्या मशीनवर पैसे काढायचे. तिथे अडकलं तर निदान दोन बँकांच्या मधे उभं राहायची वेळ येत नाही.

आता तुमच्या मुलाबद्दल. त्याच्याशी भांडू नका. हे पत्र त्याला वाचायला द्या आणि त्याच्याकडून दोन कामं घ्या. एक, तुमच्या अर्जाची आणि पोचेची प्रत त्याच्या मोबाईलमध्ये ठेवायची. दुसरं, अर्ज दिल्याच्या तारखेपासून ३१ व्या दिवशी लोकपालांच्या साईटवर तक्रार भरायची, तुम्ही आठवण न करता. पुण्यात बसून एवढं त्याला नक्की जमेल. भाच्याला बरोबर घेऊन बँकेत जा. बोलायचं तुम्ही, तो नुसता शेजारी उभा राहू दे. काउंटरवर कुणी पुन्हा 'पैसे तुम्हाला मिळालेत' म्हणालं तर एवढंच म्हणा, 'तेच मला लिहून द्या, सही-शिक्क्यासह.' माझा अनुभव असा आहे, की हे वाक्य ऐकल्यावर माणूस पहिल्यांदा खरोखर स्क्रीनवरून नजर काढून फोन उचलतो आणि मशीनवाल्या बँकेला विचारतो.

अर्ज दिलात की पोचेवर बँकेनं घातलेला आवक क्रमांक मला कळवा. दर सोमवारी पासबुक भरून घ्या आणि दोन वेगळ्या नोंदी शोधा, एक १०,००० ची आणि एक भरपाईची. पहिली आली आणि दुसरी नाही, तर तिथेच थांबू नका, भरपाईसाठी वेगळं पत्र द्या. ३० दिवसांत काहीच झालं नाही तर चंदीगडला पाठवायचं पत्र आपण दोघी मिळून लिहू, मजकूर मी करून देते.

तुमची,
सदरलेखिका